नादवेधाचं कपाळ

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सव्वादहाला, बसगोंडा मगदूमच्या कारखान्यातला नादवेध लाल झाला. एकदाच झाला असता तर कुणी मान वर करून बघितलंही नसतं. महिन्यातून एखाददुसरा सांधा नापास व्हायचाच. तो लाल पेटीत टाकायचा आणि पुढचा घ्यायचा, एवढंच. पण त्या दिवशी दुसराही लाल, तिसराही लाल. चौदावा लाल झाल्यावर बसगोंडानं टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हातारा फोरमन पिराजी लोहार म्हणाला, "आज ह्याचं डोकं फिरलंय बघा."

तासाभरात कळलं की डोकं एकाचंच फिरलेलं नाही. कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली या पट्ट्यातल्या एकशे शहाऐंशी कारखान्यांमधले नादवेध त्याच सकाळी लाल झाले होते. दुपारपर्यंत सुरक्षा खात्याच्या गाड्या आल्या. त्यांनी नादवेधांना लाखेची मोहर लावली, तयार माल जप्त केला आणि प्रत्येक मालकाच्या हातात एक फॉर्म दिला.

आता नादवेध हे काय प्रकरण आहे ते आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल.

धातूच्या तुकड्यावर टिचकी मारली की तो वाजतो. दुकानात पातेलं घेताना बायका बोटाच्या पेरानं ठोकून बघतात, तेच हे. धड असलं तर ठण्ण, तडा असला तर बद्द. आपल्या कानाला एकच आवाज ऐकू येतो, पण त्या एका ठण्णात शेकडो सूर असतात. तुकड्याचा आकार, वजन, आतल्या कणांची मांडणी, पोटात अडकलेला हवेचा बुडबुडा, या सगळ्यांवर ते सूर ठरतात. डॉ. नफीसा काझी नावाच्या बाईंनी हे सगळे सूर टिपणारं यंत्र बनवलं. ट्रंकेएवढी पेटी, तिला पुढून उघडणारा खण, खणात सांधा ठेवायचा, वरून तांदळाच्या दाण्याएवढी हातोडी त्याला टिचकी मारणार आणि समोरची एक चकती ते ऐकणार. ती चकती क्वार्ट्झच्या स्फटिकाची, नखाहून पातळ. यंत्राचं सगळं शहाणपण त्या चकतीत. ऐकलेले सूर नमुन्याशी ताडून बघायचे, जुळले तर हिरवा दिवा, नाहीतर लाल.

आणि सांधा कसला? टिटवीच्या पंखाचा. टिटवी म्हणजे सरहद्दीवर घिरट्या घालणारं बिनमाणसाचं विमान. सन दोन हजार सदतीसमध्ये कुणीतरी खोटे सांधे मालात घुसवले होते. तीन टिटव्या बर्फात कोसळल्या, आणि त्यांच्या भरवशावर निघालेली गस्तीची तुकडी वाट चुकून दोन दिवस अडकून पडली. माणसं वाचली, पण दिल्ली हादरली. लगेच एक सूर निघाला की गल्लीबोळातल्या कारखान्यांना संरक्षणाची कामं देताच कशाला? दोन मोठ्या कंपन्यांना द्या आणि मोकळे व्हा.

तेव्हा एक बाई आडवी आली. खासदार गिरिजा खोत, संरक्षण आणि लघुउद्योग संयुक्त समितीच्या अध्यक्ष. सलग अकरा बैठका ती एकाच मुद्द्यावर अडून बसली. सांधा कुणाच्या शेडमध्ये झाला हे बघू नका, सांधा कसा झाला ते बघा. डॉ. काझींचं यंत्र प्रयोगशाळेत पडून होतं, ते तिनं समितीसमोर आणवलं. मग प्रत्येक छोट्या कारखान्यात नादवेध बसवायचा असा कायदा झाला. त्यातली कलमं तिनं स्वतः बसून घासून घेतली होती. नादवेधाशी छेडछाड करणाऱ्याचं काम पाच वर्षं बंद, हे कलमही तिचंच. गेल्या हिवाळ्यात यंत्रं बसली, आणि टिटवीच्या पंखाचे सांधे सगळेच्या सगळे या पट्ट्यात होऊ लागले.

ही गिरिजा खोत म्हणजे बसगोंडाची सख्खी थोरली बहीण. आक्का.

आक्का दिल्लीत हिंदी बोलायची, इंग्रजी बोलायची, पण घरी फोन लावला की कोल्हापुरातल्या सगळ्या पोरींसारखी "मी आलो, मी जेवलो" सुरू. वडील, म्हणजे आप्पा, गेले तेव्हा बसगोंडा नववीत होता. शेडचं कुलूप पुन्हा उघडलं ते आक्कानं. दोन वर्षं ती स्वतः लेथवर उभी राहिली होती. तिच्या डाव्या हाताच्या करंगळीवर अजून त्याची खूण आहे.

म्हणून बसगोंडा घाबरला नव्हता. त्यानं फॉर्म वाचला. त्यात एकच खरा प्रश्न होता, 'यंत्राशी कोणी छेडछाड केली आहे काय?' त्यानं 'नाही' लिहिलं, खाली सही ठोकली आणि आक्काला फोन लावला.

"आक्का, ऐकलंस न्हवं?"

"ऐकलो."

"मग आता काय करायचं?"

आक्का म्हणाली, "बसू, सुगंधा बरी हाय का? तिची पाठ?"

"पाठीचं राहू दे की! इथं शेडला मोहर लागलीया!"

"त्यावर मी तुझ्याशी बोलू शकत न्हाई. हे प्रकरण माझ्या समितीपुढं येतंय. शुक्रवारी सुनावणी हाय. तुझं नाव त्यात असलं की मी खुर्चीवरनं उठणार. तसं पत्र मघाशीच दिलंय."

"उठणार म्हंजे?"

"म्हंजे बसणार न्हाई. ठेवतो."

आणि तिनं खरंच ठेवला. बसगोंडा हातातल्या फोनकडं बघतच राहिला. सख्ख्या भावाचं घर बुडायला आलं आणि ही बया भावजयीच्या पाठीची चौकशी करते! त्याच्या तोंडून पहिल्यांदाच आक्काला एक कडक शिवी गेली. पिराजीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पेच सरळ होता. यंत्राच्या आज्ञावलीत एक नियम घातलेला होता. एका कारखान्यातलं यंत्र बिघडलं तर तो बिघाड समजायचा. शेकडो ठिकाणची यंत्रं एकाच सकाळी बिघडली तर तो हल्ला समजायचा. नियम चुकीचा म्हणता येत नाही. एकशे शहाऐंशी यंत्रं एकाच दिवशी आपोआप बिघडत नसतात. कुणीतरी शत्रू या कारखान्यांच्या आत शिरलाय, असा अर्थ निघाला. तपास होईपर्यंत यंत्रं उघडायची नाहीत, हात लावायचा नाही. डॉ. काझींनासुद्धा नाही. शुक्रवारी समितीनं हल्ला झाल्याचं मान्य केलं की एकशे शहाऐंशी कारखान्यांची नावं कायमची कटणार, आणि टिटवीचं काम त्याच दोन मोठ्या कंपन्यांकडं जाणार. बसगोंडाकडं अकरा माणसं होती. टिटवी गेली तर त्यातली सात घरी बसवावी लागणार होती, आणि ती सात कोणती हे त्यालाच ठरवायचं होतं.

बुधवारी तो शेडमध्ये बाकड्यावर बसून होता. जप्तीतून एक लाल पेटी कशी कोण जाणे राहून गेली होती. पिराजीनं त्यातला एक सांधा दोऱ्याला टांगला, हातोडीची टिचकी मारली आणि डोळे मिटले. मग दुसरा. मग तिसरा.

"मालक, माल चोख हाय," तो म्हणाला. "सांध्यात काय न्हाई. ऐकणाऱ्याच्याच कानात काय तर गेलंय."

"कानात काय जातंय त्याच्या? मळ?"

पिराजी हसला आणि हसता हसता एकदम थांबला. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मग दोघांनीही भिंतीकडं, मोठ्या लेथकडं बघितलं. लेथच्या माथ्यावर झेंडूची माळ सुकली होती आणि तिच्याखाली कुंकवाचं बोट अजून ठसठशीत होतं.

खंडेनवमी!

दसऱ्याच्या आदल्या दिवशी या पट्ट्यातला एकही कारखाना चालत नाही. यंत्रं धुवून पुसून काढायची, माळा घालायच्या, लिंबू कापायचं आणि झाडून सगळ्या हत्यारांना हळदकुंकू लावायचं. लेथ, ड्रिल, व्हाइस, कानसा, मायक्रोमीटरसुद्धा. एकही हत्यार सुटता कामा नये, सुटलं तर ते वर्षभर रुसतं. यंदा शेडमध्ये एक नवं हत्यार होतं. पिराजीच म्हणाला होता, "ह्यालाबी लावा की, ह्योबी आपलाच हाय आता." बसगोंडानं पेटीला लावायला बोट पुढं केलं आणि थांबला. कुंकू पाठीला लावत नाहीत, कपाळाला लावतात. पेटीचं कपाळ कुठं? त्यानं खण ओढला. आत ती चकती चमकत होती. तेलात कालवलेल्या कुंकवाचं बोट त्यानं अगदी मधोमध टेकवलं, वर अक्षता टाकल्या आणि हात जोडले. दसरा उलटल्यावर चिंधीनं पुसूनही काढलं.

आणि फॉर्मवर 'नाही' लिहिलं. खोटं लिहावं असं त्याच्या मनातही नव्हतं. छेडछाड कुठं केली होती? पूजा केली होती. एकशे शहाऐंशी जणांनी असंच 'नाही' लिहिलं होतं, आणि सगळ्यांनी अगदी मनापासून.

"आता वं?" पिराजी म्हणाला.

आता म्हणजे काय, कायदा सरळ होता. चकतीला हात लावला, पाच वर्षं बंद. सांगितलं तर सगळे सुटण्याची शक्यता आणि बसगोंडाचं काम नक्की बंद. नाही सांगितलं तर सगळ्यांचंच बंद. संध्याकाळी कारखानदारांच्या संघाच्या अध्यक्षांना त्यानं हे सांगितलं, तर ते हात झटकून म्हणाले, "कुणाला बोलू नका. आक्का आहेत ना तिथं, त्या काढतील काहीतरी वाट." सगळ्यांना आक्का होती. फक्त बसगोंडालाच नव्हती.

आक्काच्याच कायद्यात आणखी एक कलम होतं. ज्याच्या पोटावर पाय येतोय त्याला समितीपुढं येऊन स्वतःच्या भाषेत बोलता येतं. बसगोंडानं अर्ज केला आणि गुरुवारच्या विमानानं पिराजीला घेऊन दिल्ली गाठली. सुगंधानं पिशवीत भाकऱ्या आणि खर्ड्याची बाटली घातली. "हे नको," तो म्हणाला. "मी तिच्याकडं जेवायला चाललो न्हाई." सुगंधानं ऐकलं नाही.

शुक्रवारी सकाळी सातला तो आक्काच्या दारात उभा राहिला. ती व्हरांड्यात कागदांच्या ढिगात बसली होती. चष्मा कपाळावर. किती वाळली होती! बसगोंडाच्या मनात येताना जुळवून आणलेली सगळी भांडणाची वाक्यं होती, त्यातलं पहिलंच तोंडातून निसटलं.

"जेवतीस का न्हाई वेळच्या वेळी?"

"आलास? बस." तिनं पिशवीत हात घालून खर्डा काढला, भाकरीचा तुकडा मोडला आणि डोळ्यात पाणी येईपर्यंत खाल्ला. बसगोंडा खुर्चीच्या कडेवर बसला.

"आक्का, मला कळलंय काय झालंय ते. त्या चकतीला..."

"थांब." तिनं उष्टा हात वर केला. "मला सांगू नकोस."

"अगं पण..."

"मला सांगितलंस की ते माझं होतंय, बसू. मग मी काय केलं, कुणाला फोन लावला, कुठं काय फिरवलं, हेच बघणार लोक. तुझ्या बोलण्याला किंमत राहायची न्हाई. तिथं सांग. जे हाय ते सगळं सांग. बदलू नकोस आणि गाळू नकोस."

"आणि मी गेलो त्यात, तर?"

आक्का उठून हात धुवून आली. बसगोंडाला तिचा इतका राग आला की पुढचा तासभर गाडीत तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही.

समितीची खोली त्याला वाटली तेवढी मोठी नव्हती. अर्धवर्तुळात सतरा खासदार, मधल्या टेबलावर त्याच्याच शेडमधला, लाखेच्या मोहरेसकट आणलेला नादवेध आणि जप्तीतले बारा सांधे. एका बाजूला बुटक्या, पांढऱ्या केसांच्या डॉ. काझी. त्यांचा चेहरा रात्रभर जागल्यासारखा होता. समोर भाषांतर ऐकायचा कानातला इअरफोन होता, पण तो कानात बसेना. बसगोंडा त्याच्याशी झटत असतानाच आक्का खुर्चीतून उठली, दोन-तीन वाक्यं इंग्रजीत बोलली, कागद गोळा केले आणि भावाकडं न बघता चालती झाली. दार बंद झालं. तेव्हा कुठं तो कानातला बसगोंडाच्या कानात बसला.

तिच्या जागी एअर मार्शल देवव्रत बरुआ बसले. आसामचे, हवाई दलातून निवृत्त होऊन खासदार झालेले. आवाज कोरडा.

"श्रीयुत मगदूम, फॉर्मवर 'नाही' लिहून केलेली सही तुमची आहे?"

"माझी हाय."

"ते उत्तर खरं आहे?"

बसगोंडानं पिराजीकडं बघितलं. पिराजी गुडघ्यावर टोपी ठेवून छताकडं बघत होता.

"लिहिलं तवा खरं वाटलं होतं, साहेब. आता वाटत न्हाई." आणि मग त्यानं सांगायला सुरुवात केली. माळा, लिंबू, मायक्रोमीटर, हत्यार रुसतं ते, आणि कपाळ कुठं हा प्रश्न. भाषांतर करणारी मुलगी 'रुसतं'पाशी अडखळली, तिनं दोन शब्द वापरून बघितले आणि पुढं गेली. कुणीतरी हसलं. मग कुणी हसेना.

"थोडक्यात, तुम्ही चकतीला हात लावलात," बरुआ म्हणाले.

"व्हय. ह्या बोटानं." त्यानं अनामिका वर केली.

"आणखी कोणी कोणी लावला?"

"दुसऱ्याचं मी सांगणार न्हाई. मी माझं सांगायला आलोय."

तेवढ्यात डॉ. काझी उभ्या राहिल्या. "कुंकू कशात कालवलं होतं?" त्यांनी मोडक्या मराठीत विचारलं. त्या मूळच्या सोलापूरच्या.

"खोबरेल तेलात."

"पुसलं कशानं?"

"कॉटनच्या चिंधीनं. नीट पुसलं, डाग राहू दिला न्हाई."

डॉ. काझींनी खाली बसून कपाळाला हात लावला आणि त्या चक्क हसू लागल्या. हसतच त्यांनी समितीला समजावून सांगितलं. क्वार्ट्झची चकती स्वतःच्या ठरलेल्या वेगानं थरथरते. तिच्यावर धुळीच्या कणाइतकं वजन चढलं तरी तिची थरथर मंदावते, आणि मग तिला प्रत्येक सूर किंचित खाली उतरलेला ऐकू येतो. डाग दिसत नाही, पण तेलाचा थर असतो. एका यंत्रावर असा थर बसला असता तर यंत्रानं स्वतःच बिघाड ओळखला असता. एकशे शहाऐंशींवर एकाच दिवशी बसला, म्हणून त्यानं हल्ला ओळखला. "मी जगातल्या प्रत्येक शत्रूचा विचार केला होता," त्या म्हणाल्या. "भक्ताचा करायला विसरले."

बरुआंनी मोहर तोडायची परवानगी दिली. डॉ. काझींनी चकती काढली, रसायनानं धुतली, कोरडी केली, बसवली. बारा सांधे एकेक करून खणात गेले.

हिरवा. हिरवा. हिरवा. बसगोंडा बोटं मोजत होता. अकरा हिरवे झाले.

बारावा लाल.

खोलीत चुळबुळ झाली. डॉ. काझींनी पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. एक खासदार मदतीच्या सुरात म्हणाले, "थोडं तेल राहिलं असेल अजून." बरुआंनी बसगोंडाकडं बघितलं. पिराजीनं पुढं होऊन तो सांधा दोऱ्याला टांगला, टिचकी मारली, कान लावला. "चोख वाजतोय," तो पुटपुटला.

मान डोलावली असती तर तिथंच सुटका होती. अकरा हिरवे कुणालाही पुरले असते. बसगोंडाच्या कानात आक्काचा आवाज घुमला, गाळू नकोस.

"कापून बघा," तो म्हणाला.

जेवणाच्या सुट्टीनंतर प्रयोगशाळेतून सांधा परत आला, उभा चिरलेला. पोटात मोहरीएवढी पोकळी होती. पिराजी ती बोटानं चाचपत राहिला. चाळीस वर्षांत त्याच्या कानानं असा दगा दिला नव्हता.

"हा माझ्याच शेडमधला हाय," बसगोंडा म्हणाला. "ह्यात कुंकवाची काय चूक न्हाई. ओतताना माझंच चुकलं. हा टिटवीला लागला असता तर पडली असती. यंत्रानं पकडला, बरं झालं."

मग बरुआंनी चष्मा काढला. "हवाई दलात असताना," ते म्हणाले, "विश्वकर्मापूजेला आमचे मेकॅनिक विमानांना टिळे लावायचे. मी उड्डाणाआधी सगळं तपासायचो. टिळा कुठं लावला, हे कधी विचारलं नाही." आणि त्यांनी सुनावणी संपल्याचं सांगितलं.

हल्ला झालेला नाही, असं समितीनं एकमतानं लिहिलं. नावं कटली नाहीत. संध्याकाळपर्यंत संघाच्या अध्यक्षांसकट एकशे एक्काहत्तर मालकांनी आपणहून कळवलं की बोट आम्हीही लावलं होतं. उरलेले चौदा दोन दिवसांनी कबूल झाले. श्रद्धेनं केलेल्या पहिल्या चुकीला ताकीद पुरे, असं ठरलं. प्रत्येक चकती धुवून, पुन्हा जोखून मगच काम सुरू व्हायचं होतं, आणि जोखणारी पथकं होती फक्त दोन. कुणाकडं आधी जायचं याची यादी करायचं काम अध्यक्षांकडं, म्हणजे आक्काकडं आलं.

बसगोंडानं यादी वरून वाचायला सुरुवात केली. पहिल्या पानावर नाव नाही. दुसऱ्यावर नाही. शेवटच्या पानावर, शेवटच्या ओळीत, एकशे शहाऐंशी क्रमांकावर: मगदूम.

पाच महिने! पाच महिने त्याच्या शेडनं पंपांचे दट्टे काढले. कुणाला घरी बसवलं नाही, पण सगळ्यांनीच कमी घेतलं, आणि सणाला आक्काचा फोन आला तर तो सुगंधानं घेतला. ज्यानं तोंड उघडलं तोच शेवटी! लोक म्हणत, "तुझी आक्का म्हणजे लई कडक बाबा." तो म्हणे, "कडक कसली, दगड हाय दगड."

माघ महिन्यात समितीचा छापील अहवाल आला, मराठीत. साक्ष दिलेल्या प्रत्येकाला एक प्रत द्यायचा नियम होता. बसगोंडा आपली साक्ष शोधत पानं उलटत होता आणि तिच्या वरच दोन-तीन वाक्यं होती, जी कानातल्याच्या भानगडीत त्यानं ऐकलीच नव्हती.

'अध्यक्ष: यापुढील साक्षीदार माझा सख्खा भाऊ आहे. तो खोटं बोलणार नाही याची मला खात्री आहे. परंतु समितीने माझ्या खात्रीवर नव्हे, त्याच्या शब्दावर निर्णय घ्यावा, म्हणून मी उठते आहे.'

त्यानं ते पिराजीला मोठ्यानं वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा वाचताना त्याला पुढचं दिसेना. "वाचा की," पिराजी म्हणाला. "थांब जरा," बसगोंडा म्हणाला आणि शर्टाच्या बाहीनं चष्मा पुसत बसला. मग त्यानं आक्काला फोन लावला. बोलायला काही सुचेना, म्हणून त्यानं सुगंधाच्या पाठीचं सांगितलं.

पुढच्या खंडेनवमीला आक्का गावी आली. शेडमध्ये नवा नादवेध होता. डॉ. काझींनी पेटीच्या दर्शनी भागावर रुपयाएवढी एक पितळी टिकली बसवली होती. यंत्राला तिचा काडीचा उपयोग नव्हता. यंत्राच्या आराखड्यात तिचं नाव लिहिलं होतं 'कपाळ'.

माळा झाल्या, लिंबू कापलं. बसगोंडानं कुंकवाची वाटी आक्कापुढं धरली. "तू लाव."

"मी? मी आता कारखान्यातला न्हवं."

"आप्पांच्या शेडचं कुलूप कुणी उघडलं? लाव मुकाट्यानं."

आक्कानं पितळी टिकलीवर बोट टेकवलं. मग तेच बोट भावाच्या कपाळाला लावलं, आणि पिराजीच्याही. पिराजी लाजून लेथमागं गेला.

मग बसगोंडा बाकड्यावर बसला आणि त्यानं महिन्याचा फॉर्म पुढं ओढला. फॉर्मही नवा होता. जुना प्रश्न काढून आक्कानं नवा घातला होता. सरकारी कागदात असली भाषा बसत नाही, म्हणून कायदा खात्यानं तो दोनदा परत पाठवला होता आणि आक्का दोन बैठका त्यावर भांडली होती. 'गेल्या महिनाभरात यंत्राला कोणी, कोणत्याही कारणाने, प्रेमाने का होईना, हात लावला आहे काय? असल्यास कोणी?'

"काय लिहितोयस?" आक्कानं विचारलं.

"समितीच्या अध्यक्षांना सांगता येत न्हाई," बसगोंडा म्हणाला. त्यानं लिहिलं, 'होय.' आणि पुढच्या रकान्यात, जिथं नाव आणि हुद्दा लिहायचा असतो तिथं, ठळक अक्षरांत लिहिलं, 'माझ्या आक्कानं.'